शिरियस असल तरच सोडू!

“शिरियस असल तर दाखव! नुसता बिमार असल तर बस तिकडं बाभळीखाली!”

“बिमार न्हाई कुणी! माझं काम शिरियस हाय, भाऊ!”

“काम शिरियस नसतंय रे पोरा. माणूस शिरियस असतो. कामाला अर्जंट म्हणतेत. अन् अर्जंटवाल्याला आज रस्ता बंद!”

असा इंग्रजीचा तास गावाच्या फाट्यावर, भर डांबरी रस्त्यावर चालू व्हता. शिकवणारा हरिचंद भाऊ, रास्ता रोकोचा पुढारी. ग्रामपंचायतीची लोखंडी खुर्ची रस्त्याच्या मधोमध टाकून असा बसला व्हता, जसा काय हा हिंगोलीचा रस्ता त्याला सासऱ्यानं आंदण देला. त्याच्या मागं आडवी बैलगाडी, बैलगाडीमागं पेटलेलं टायर, अन् टायरमागं गावातली चाळीस माणसं. गावची डीपी, म्हंजी लाइटीचा ट्रान्सफॉर्मर, जळून अडीच महिने झाले व्हते. हळदीला पाणी न्हाई, पंख्याला वारं न्हाई, म्हणून सगळ्यांनी मिळून रस्ताच धरला.

अन् शिकणारा धर्मसिंग. वय अठरा, नाकावर राग, नववीतून शाळा सोडलेला. सोडलेला म्हंजी कसा? सर म्हणले, “आडे, तू अभ्यासात सिरियस न्हाईस.” हा म्हणला, “मंग सलाईन लावा!” वर्ग खदाखदा हासला, अन् दुसऱ्या दिवसापासून धर्मसिंग शेळ्यांमागं!

पण आज बात वेगळी व्हती. आज हिंगोलीला आयटीआयची शेवटची फेरी व्हती. आठवी पासवर भेटणारी वायरमनची एक सीट उरली व्हती. फक्त एक! बारा वाजता साहेब नाव पुकारणार, तीनदा. तिसऱ्या हाकेला ‘हजर’ न्हाई म्हणलं की सीट पुढच्याच्या खिशात. सकाळी कुरुंद्याजवळच्या तांड्यावरून निघताना धर्मसिंगनं सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असं सांगितलं व्हतं, “बारा वाजता मी वायरमन! ज्याला कुणाला तारेवर आकडा टाकायचा, त्यानं माझ्या आधी टाकून घ्या. मंग मी ओळख दाखवणार न्हाई!”

त्याचा बाप भीमसिंग कमी बोलणारा माणूस. त्यानं एकच सांगितलं व्हतं. “सीट भेटली तर शीक. न्हाई भेटली तर दिवाळीआधी कोयता घ्यायचा अन् कारखान्याच्या गाडीत बसायचं. मी बावीस वरसं ऊस तोडला. तुझी बारी.”

म्हणून धर्मसिंग रस्त्यावर असा नाचत व्हता, जसा तव्यावर शेंगदाणा.

“भाऊ, मला वायरमन व्हायचंय! वायरमन! तुमची डीपी मीच नीट करतो की!”

“कवा?”

“दोन वरसानं!”

चाळीसच्या चाळीस माणसं हासली. हरिचंद भाऊ खुर्चीवरून हाललाबी न्हाई. “मंग दोन वरसानं सोडतो तुला. नियम म्हंजी नियम. बाळंतीण सोडायची, शिरियस सोडायचा. बाकी साक्षात मंत्री आला तरी बाभळीखाली!”

तेवढ्यात मागून एक टेम्पो आला. आत गोधडीवर एक म्हातारा आडवा. टेम्पोवाला ओरडला, “शिरियस!” बस, एवढंच! त्याच माणसांनी स्वताच्या हातानं बैलगाडी बाजूला ओढली, टायर लाकडानं सरकवलं, एकानं तर रस्त्यातले दगड उचलले. टेम्पो सुसाट निघून गेला. शंभर गाड्या जे करू शकल्या न्हाईत, ते एका शब्दानं केलं!

धर्मसिंगची नजर म्हंजी घारीची. तो गप वळला अन् जीपकडं आला.

जीप गोपीचंदची. पुढं गोपीचंद अन् भीमसिंग. मागच्या सीटवर रामप्रसाद मामा. मामाचा ह्या कामाशी काहीच संबंध नव्हता. हिंगोलीत भजे चांगले भेटतेत म्हणून बसला व्हता. गडी असा, की जीपमधी डाव्या अंगाला बसला की जीप डावीकडं बघायची. आता तो चौथी भाकर ठेच्यासंगं खाऊन राहिला व्हता.

“मामा,” धर्मसिंग म्हणला, “तुमी शिरियस व्हा.”

मामाचा घास हातातच राहिला. “कवा?”

“आत्ता! सव्वा धा झाले. फाटा वलांडला की बरे व्हा, कोण इचारतंय?”

भीमसिंग मागं वळला. “खोटं बोलू नगस, धरम्या. चांगल्या माणसाला शिरियस म्हणू नये.”

“मंग कोयता तुमी धरणार का मी?”

भीमसिंगनं पुन्हा समोर तोंड केलं.

मामाचे डोळे मात्र चमकायला लागले. होळीत लेंगीची गाणी म्हणताना सगळ्यात पुढं नाचणारा माणूस तो! त्याला सोंग पायजेच व्हतं. “कशानं शिरियस व्हऊ? साप का हार्ट?”

“हार्ट! साप म्हणलं तर कुठं चावला ते दाखवावं लागतंय.”

मामानं उरलेली अर्धी भाकर एका घासात संपवली. शिरियस माणसाच्या हातात भाकर बरी दिसत न्हाई! मंग तो सीटवर आडवा झाला, डोळे पांढरे केले अन् असा कण्हला, की गोपीचंदनं खरंच घाबरून हॉर्न दाबला.

“शिरियस!” धर्मसिंग बोंबलत पळाला. “भाऊ, शिरियस हाय! मामा! हार्ट!”

“आत्ता तर कुणी बिमार न्हाई म्हणत व्हतास?”

“आत्ताच झाला! तुमची वाट बघून बघून झाला!”

हरिचंद भाऊ खुर्चीतून ताडकन उठला. पण त्याच्या आधी भागूबाई जीपपाशी पोचली. भागूबाई म्हंजी मोर्च्याच्या बायांची पुढारी. साठीची म्हातारी. तिनं गावातले तीस मेलेले अन् साठ न मेलेले माणसं डोळ्यानं पाह्यलेले. तिला फसवणं म्हंजी मीटरला फसवणं! तिनं मामाच्या पायाला हात लावला.

“पाय तर गरम हाईत.”

“वरून गार व्हत चाललेत, मावशी! खाली यायला टाइम लागतो.”

“मिशीला ठेचा काहून हाय?”

“त्यानंच तर कळ आली!”

भागूबाईनं मामाच्या पोटाकडं पाह्यलं. डोंगर वरखाली व्हऊन राहिला व्हता. मामानं नेमकी तवाच एक उचकी देली. चार भाकरी पाण्याबिगर खाल्ल्यावर येणारच ती! पण भागूबाईचं काळीज पाघळलं.

“उचकी लागली, बाई! पाणी पाजा रे त्याला. लेकराबाळाचा माणूस, तहानलेला जाऊ नये.”

झालं! आता हे तुम्हाला म्हाईत हाय का न्हाई? आपल्याकडं जाणाऱ्या माणसाला पाणी पाजणं म्हंजी पुण्य. अन् फुकटचं पुण्य रस्त्यावर आडवं पडल्यावर कोण सोडतंय? भागूबाईनं तांब्या घेतला अन् घोट पाजला. तिच्या मागं तिची सून. सुनेमागं सुनेची जाऊ. मंग गडी माणसं. जीपच्या मागं ही लाइन लागली! राशनच्या दुकानातबी कवा एवढ्या शिस्तीत लाइन लागली न्हाई.

“एक एक घोट, एक एक घोट! ढकलू नका! सगळ्याला भेटंल!” हरिचंद भाऊ व्यवस्था बघून राहिला.

चाळीस माणसं. बरं, घोट म्हणलं तरी प्रत्येकाचा घोट वेगळा. एक जण तर पूर्ण गिलास घेऊन आला. म्हणला, “माझ्या म्हाताऱ्याच्या वक्ती मी पुण्यात व्हतो, पाणी पाजायचं राहून गेलं.” त्याच्या डोळ्यात पाणी, मामाच्या नरड्यात पाणी! थुकावं तर सोंग उघडं पडतंय. मामा गटागटा पीत राहिला. मागं वसमतहून आलेली एसटी थांबली व्हती. तिच्यातले पाशिंजर खाली उतरून बघून राहिले. त्यातल्या एका चष्मेवाल्यानं, कडक इस्त्रीच्या माणसानं, स्वताची बाटली पुढं केली. “अरेरे. माझ्याकडूनही एक घोट द्या.”

लाइन सरायला अकरा वाजले.

“सोडा आता भाऊ, जातो आमी!” धर्मसिंगचा जीव बाराच्या काट्याला लटकलेला.

“असं कसं? माझ्या रास्ता रोकोत शिरियस झालेला माणूस, माझी जिम्मेदारी हाय!” हरिचंद भाऊ जीपमधी चढला. “उद्या पेपरात आलं पायजे. आंदोलकांनी वाचवले रुग्णाचे प्राण! मामाला पांघरायला काय हाय का रे?”

पांघरायला काहीच नव्हतं. तवा कार्यकर्त्यांनी मोर्च्याचा फलकच सोडला अन् मामाच्या अंगावर टाकला. अशी ती जीप निघाली. सीटवर मामा, फलकावरची ‘डीपी’ मामाच्या अंगाखाली दबलेली, अन् पोटावर लाल अक्षरात ‘जळालेली बदलून मिळालीच पाहिजे!’

फाटा वलांडला. ठरल्याप्रमाणं मामानं आता बरं व्हायचं व्हतं. पण उशाला हरिचंद भाऊ बसलेला, त्याची नजर हालंना! मामानं एक डोळा उघडला की भाऊ म्हणायचा, “डोळे उघडले, आता खरं भ्या वाटून राहिलं. दिवा इझायच्या आधी मोठा व्हतो!”

मामानं धर्मसिंगचा शर्ट ओढला अन् कानात पुटपुटला, “धरम्या, लई जोरात लागली.”

“काय?”

“चाळीस घोट लागले! जीप थांबव!”

“भाऊसमोर कसा उतरणार? दाबून धरा!”

मामा दाबून धरायला लागला. आता भरल्या पोटी, भरल्या टाकीनं, हिंगोलीच्या खड्ड्यातून दाबून धरायचं म्हंजी काय खेळ हाय? मामाच्या कपाळाला घाम फुटला. पाय झाडायला लागला. ओठ चावायला लागला. दर खड्ड्याला “देवा!” म्हणायला लागला. मगापासून सोंग करत व्हता तवा घरच्या कुणाला खरं वाटलं न्हाई, अन् आता खरं चालू झाल्यावर भीमसिंगसुदिक मागं वळून म्हणला, “धरम्या, ह्याला खरंच काय झालं काय रे?”

“सरकारी दवाखान्यात नगं,” हरिचंद भाऊनं गोपीचंदला हुकूम देला. “माझ्या मेव्हण्याकडं घे. आपलाच दवाखाना हाय.”

मेव्हणा डॉक्टर दारातच उभा. दवाखाना नवा, खाटा धा, पेशंट एक. तोबी ताप उतरून घरी जायच्या तयारीत! डॉक्टरनं मामाचं वळवळणं पाह्यलं, घाम पाह्यला, अंगावरचा फलक वाचला. तोंड लांब केलं.

“सिरियस आहे.”

“पण डॉक्टर, तुमी हात तर लावा आधी!” धर्मसिंगचं डोकं भडकलं.

“हात लावून कळतो तो आजारी. लांबूनच कळतो तो सिरियस! सिस्टर, दोन सलाईन!”

सलाईनचं नाव ऐकल्याबरोबर मामानं अशी किंकाळी फोडली, की शेजारचा तापाचा पेशंट पैदल घरी गेला.

पावणेबारा! धर्मसिंग दाराकडं निघाला तर डॉक्टरनं कागद पुढं धरला. “जवळचा नातेवाईक कोण? सही लागेल.” भीमसिंगचा अंगठा. डॉक्टर म्हणला, अंगठा चालत न्हाई, सही पायजे. कागदावर बारीक अक्षरात पानभर काहीतरी छापलेलं.

“काय लिव्हलंय ह्याच्यात?”

“काही नाही, रोजचंच. कर इथं.”

नववीपर्यंत शिकलेला माणूस! वाचायला येत नव्हतं असं न्हाई. पण भिंतीवरचा काटा दिसत व्हता. धर्मसिंगनं खर्रकन सही केली अन् जे पळाला, ते हिंगोलीच्या भर बाजारातून, दोन सायकली अन् एक केळीचा गाडा वलांडून, कागदपत्रांची थैली छातीशी धरून, आयटीआयच्या हॉलमधी धाडकन घुसला. बाराला पाच कमी!

“हजर!” तो ओरडला.

हॉलमधली पोरं त्याच्याकडं बघायला लागली. टेबलामागं एक क्लार्क पेपर वाचून राहिला व्हता.

“कुणाला हजर? साहेब आले नाहीत अजून.”

“काहून?”

“वसमतहून येतेत ते. रास्ता रोकोत अडकलेत, म्हणून फोन आला. ते आल्याबिगर फेरी न्हाई. बस.”

धर्मसिंग मटकन खाली बसला. म्हंजी तो बाभळीखाली गप बसला असता, तरी काय बिघडत नव्हतं! चाळीस घोट, दोन सलाईन अन् मामा, सगळं फुकट!

एक वाजला. सव्वा झाला. दीड वाजता दारात गडबड उडाली. साहेब आले. डोक्याला ही मोठी पट्टी बांधलेली, एक हात गळ्यात अडकवलेला, पाय ओढत ओढत.

“अरे बापरे, साहेब! काय झालं?” क्लार्क उठला.

“काही विशेष नाही. किरकोळ. चला, सुरू करा.”

धर्मसिंगनं पाह्यलं अन् थैली तोंडासमोर धरली. चष्मा तोच. इस्त्री तीच. मामाला बाटलीतून घोट पाजणारा तो हाच माणूस!

“वायरमन. एक जागा. धर्मसिंग भीमसिंग आडे!”

“हजर,” ह्या वक्ती आवाज बकरीच्या पिलासारखा निघाला.

साहेबांनी चष्म्यातून पाह्यलं. बराच टाइम पाह्यलं.

“तू तोच ना? जीपमधला? तुझे मामा सिरियस होते.”

“व्हय.”

“आणि तू इथं काय करतोस? मामा तिकडं शेवटच्या घटका मोजताहेत आणि तू प्रवेश घ्यायला आलास? जा आधी त्यांच्याकडं! प्रवेश पुढच्या वर्षीही मिळेल.”

“न्हाई साहेब, मामा बरे झाले!”

“अडीच तासांत? सिरियस माणूस अडीच तासांत बरा होत नाही. म्हणजे ते सिरियस नव्हतेच. म्हणजे तू खोटं बोललास. खोटं बोलणाऱ्याला मी प्रवेश देत नाही.”

“मंग... शिरियसच हाईत.”

“मग जा!”

घ्या! मामा शिरियस तर सीट गेली, अन् मामा बरा तरी सीट गेली. मागच्या बाकावर पुढच्या नंबरचं पोरगं उठून केसं नीट करायला लागलं. धर्मसिंगच्या डोळ्यासमोर कोयता आला. कारखान्याची गाडी आली. डोकं तापलं, कानशिलं तापली, आता टेबल उलटायचं एवढंच राहिलं व्हतं. तेवढ्यात साहेबांना डोक्याला खाज सुटली. त्यांनी गळ्यात अडकवलेला, तोच मोडका हात वर नेला, अन् पट्टीखाली चांगलं खराखरा खाजवलं.

धर्मसिंगची नजर म्हणलं ना, घारीची! ती पट्टी म्हंजी पट्टी नव्हतीच. निळ्या चौकड्याचा गमछा व्हता, ऑइलचे डाग पडलेला. गोपीचंद रोज ज्यानं जीपची काच पुसतो, तो! म्हंजी गोपीचंद मामाला दवाखान्यात टाकून परत फाट्यावर गेला व्हता. त्याची जीप आता शिरियसची जीप म्हणून सगळ्या मोर्च्याला म्हाईत झालेली. हात दाखवायचीबी गरज न्हाई! एकेकाला गमछा बांधून शिरियस करायचा अन् भाडं घेऊन सोडायचा. कितवा शिरियस असंल साहेब, देव जाणे.

साहेबांच्या ध्यानात आलं, की पोरगं गमछ्याकडं बघून राहिलं. हात हळूच परत गळ्यात गेला. हॉलमधी कुणाला काही कळलं न्हाई. दोघांना मात्र सगळं कळलं.

साहेब खाकरले. आवाज एकदम लोण्यासारखा मऊ.

“बरं. मामा... नक्की कसे आहेत?”

“तुमच्यासारखेच हाईत, साहेब.”

साहेबांनी फॉर्म पुढं ओढला. मोडक्या हातानं पेन काढला, त्याच हातानं सही केली, शिक्का बराबर मधोमध मारला. वायरमन! धर्मसिंग भीमसिंग आडे! मागच्या बाकावरचं पोरगं खाली बसलं.

धर्मसिंगनं कागद हातात घेतला, तेवढ्यात दारातून भीमसिंग पळत आला. टोपी न्हाई, एका पायात चप्पल. उभ्या जल्मात न पळालेला माणूस!

“धरम्या! चल लौकर! मामाला अँब्युलन्समधी घालून राहिले! नांदेडला नेतेत!”

“काहून? तुमी सांगितलं न्हाई का, त्याला काय झालं न्हाई म्हणून?”

“धा बार सांगितलं! मामाबी बोंबलून राहिला, मी शिरियस न्हाई, मी शिरियस न्हाई! अन् सलाईन उपसून संडासाकडं पळाला. डॉक्टर म्हणला, शिरियस पेशंट असाच म्हणतो, ह्याला वात झाला, बरळून राहिला! चौघांनी धरून बांधला त्याला खाटंला! मी आडवा गेलो तर तुझी सही दाखवली. लिव्हलंय म्हणे त्याच्यात, कुठंबी न्या, आमची हरकत न्हाई!”

साहेबांनी चष्मा सारखा केला. “आडे, बस. सीट तुझी झाली, पण फी, फोटो, बाकीचे फॉर्म राहिलेत. मामा बरे आहेत ना?”

“बरे व्हते साहेब,” धर्मसिंग म्हणला. “पण आता दवाखान्यानं शिरियस केलेत. मला निघायला पायजे!”